घरच्या इन्क्युबेटरमध्ये तीन थर्मामीटर तीन आकडे दाखवतात. खरा कोणता मानावा?

कृष्णाकाठ (कराड परिसर)

नमस्कार. आमच्याकडे चौदा गावरान कोंबड्या आहेत. परंतु दिवाळीपासून त्यांतली एकही अंडी उबवायला खुडूक बसलेली नाही, म्हणून मी थर्माकोलच्या मोठ्या पेटीचा इन्क्युबेटर तयार केला. त्यात ४० वॅटचे दोन पिवळे बल्ब, जुन्या संगणकातून काढलेला १२ व्होल्टचा पंखा, पाण्याची एक थाळी आणि तापमान राखण्यासाठी डब्ल्यू १२०९ हे मॉड्यूल आहे. मॉड्यूलवर ३७.७ अंश सेल्सिअस लावले आहे आणि त्याचा सेन्सर झाकणापासून चार बोटे खाली, बाजूच्या भिंतीला चिकटपट्टीने लावला आहे.

पहिल्या खेपेस ३२ अंडी ठेवली. आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात पाहिली तेव्हा २७ अंड्यांत लाल शिरांचे जाळे स्पष्ट दिसले. पिल्ले निघायचा एकविसावा दिवस मात्र कोरडा गेला. बाविसाव्या रात्री पहिले पिल्लू बाहेर आले आणि चोविसाव्या दिवसापर्यंत मिळून ११ पिल्ले निघाली. त्यांपैकी चौघांची बेंबी नीट मिटलेली नव्हती. राहिलेली अंडी फोडून पाहिली, तर बहुतेकांत पिसे आलेली, पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली होती. माझी धाकटी मुलगी शेजारी उभी होती, तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

आता दुसरी खेप ठेवण्याआधी तापमानाची खात्री करून घ्यावी म्हणून मी पेटीत आणखी तीन साधने ठेवली, आणि गोंधळ वाढला. मॉड्यूलचा आकडा बहुधा ३७.७ च्या आसपास असतो. मधूनमधून तो ३६ पर्यंत उतरलेला दिसतो, पण बल्ब लागला की पुन्हा चढतो. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला काचेचा थर्मामीटर ३६ दाखवतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारी काळी चौकोनी डबी ३५.४ दाखवते. घरातला ताप बघायचा पाऱ्याचा थर्मामीटर मात्र १०१.६ फॅरनहाइट, म्हणजे ३८.७ सेल्सिअस दाखवतो आणि तिथून हलतच नाही. यांतले कोणते साधन खरे मानावे? की सगळीच टाकून देऊन महागडे साधन घ्यावे? मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

तापमापक

साखर कारखान्याच्या उपकरण विभागात माझी २६ वर्षे गेली, त्यामुळे असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. महागडे साधन घेण्याची गरज नाही. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांपैकी एकही सरळ खोटा नाही. प्रत्येक साधन निराळ्या जागेचे आणि निराळ्या क्षणाचे तापमान सांगत आहे.

प्रथम पाऱ्याच्या थर्मामीटरविषयी. त्याच्या नळीत फुग्याजवळ एक अरुंद जागा असते, त्यामुळे एकदा वर चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. म्हणजे १०१.६ हे तुमच्या पेटीचे आत्ताचे तापमान नसून, त्या जागी गाठले गेलेले सर्वांत जास्त तापमान आहे. बल्ब विझल्यावरही त्याची काच तापलेली राहते आणि हवा आणखी अंशभर चढते, त्याची ही नोंद आहे. पेटीत सतत लक्ष ठेवण्यासाठी हे साधन निरुपयोगी आहे. परंतु घरातल्या बाकी सर्व साधनांपेक्षा ते अचूक असते, आणि नेमके आपल्याला हव्या त्या पट्ट्यातच अचूक असते, कारण माणसाच्या अंगाचे आणि अंड्याचे तापमान जवळपास सारखेच आहे. म्हणून त्याला पेटीत ठेवू नका; बाकीच्यांची परीक्षा घेण्यासाठी त्याला परीक्षक नेमा.

ती परीक्षा अशी घ्यावी. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये साधारण ३९ अंशांचे कोमट पाणी भरावे. ४२ च्या पुढचे पाणी कदापि घेऊ नये, पाऱ्याची नळी फुटते. मॉड्यूलचा सेन्सर आणि काचेचा थर्मामीटर पाण्याच्या मध्यावर, एकमेकांना लागून धरावेत आणि चमच्याने पाणी हलवत राहावे, कारण न हलवलेल्या पाण्यात वर आणि खाली अर्ध्या अंशाचा फरक सहज पडतो. सेन्सरच्या टोपीतून पाणी आत जाईल अशी शंका असेल तर तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून बुडवावा. मग पाऱ्याचा थर्मामीटर झटकून पाण्यात घालावा, एक मिनिट थांबावे, आणि तो वाचताना त्याच क्षणी बाकीचे आकडे लिहून घ्यावेत. पाणी थोडे निवले की पुन्हा झटकून पुन्हा तेच. ३८.५, ३७.५ आणि ३६.५ या आसपासच्या तीन नोंदी मिळाल्या की प्रत्येक साधन किती चुकते ते कागदावर दिसेल.

पुष्कळ जण बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासणी करायला सांगतात. बर्फाची तपासणी चुकीची नाही, परंतु या मॉड्यूलचा सेन्सर थर्मिस्टर जातीचा (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा) असतो आणि शून्य अंशाला तो जितका चुकतो तितकाच साडेसदतीस अंशांना चुकेल याची हमी नसते. उकळत्या पाण्याचे तर विचारूच नका. पुण्याच्या उंचीवर पाणी १०० ला नव्हे, सुमारे ९८ ला उकळते आणि लोक आपला चांगला थर्मामीटर दोन अंशांनी बिघडवून ठेवतात.

काळी डबी पाण्यात घालता येत नाही. ती शेवटी, पेटी स्थिर झाल्यावर, तपासलेल्या सेन्सरशेजारी तासभर ठेवून तिचा फरक पाहावा आणि तिच्याच पाठीवर लिहून ठेवावा.

आता मला जी मुख्य शंका आहे ती सांगतो. मॉड्यूलच्या सेटचे बटण पाच सेकंद दाबून पी१ हे सेटिंग उघडा आणि तिथे काय आहे ते येथे लिहा.

---

खाडीकिनारी (रत्नागिरी)

काकांनी साधनांविषयी लिहिले आहे, मी जागेविषयी लिहिते. तुमचा सेन्सर झाकणाखाली आहे आणि अंडी तळाशी आहेत, म्हणजे तुम्ही माळ्यावरचे ऊन मोजून ओसरीवर झोपलेल्या माणसाला उकडते की नाही ते ठरवत आहात. गरम हवा वर साठते. माझ्या पेटीत पंखा नाही, त्यामुळे मला हे फार लवकर कळले. अंड्यांच्या वरच्या बाजूस ३८.५ असते तेव्हा अंड्यांखालच्या जाळीपाशी ३७ सुद्धा नसते. म्हणूनच बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ ठेवतात, आणि पंख्याच्या पेटीत हवा सगळीकडे सारखी फिरते म्हणून ३७.५ पुरते. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पेटीला लावला की खेप हातची गेलीच समजा.

सेन्सर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर, पेटीच्या मध्याजवळ, दोऱ्याने लोंबता ठेवावा. भिंतीला चिकटवला की तो अर्धे भिंतीचे तापमान सांगतो. त्याला बल्ब थेट दिसता कामा नये. उन्हात उभ्या माणसाला सावलीतल्यापेक्षा जास्त गरम होते तसे त्याचे होते. मी मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा आडवा उभा केला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी नुकसान सोसून शिकले. गेल्या वर्षी अठराव्या दिवशी आर्द्रता वाढवायची म्हणून मी थाळीत पाणी ओतले आणि ओतताना एक थेंब सेन्सरच्या टोकाला लागून राहिला. ओली वस्तू सुकताना गार होते, हे माठातले पाणी पिणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण त्या वेळी माझ्या ते डोक्यात आले नाही. मॉड्यूल ३४ दाखवू लागले, म्हणून बल्ब विझेनाच. मला वाटले झाकण उघडल्यामुळे पेटी गार झाली आहे, आणि मी भात लावायला आत गेले. पाऊण तासाने परत आले तेव्हा झाकण हाताला चटका देत होते. अठरा दिवस सांभाळलेल्या २४ अंड्यांतून एकही पिल्लू निघाले नाही. तेव्हापासून पाणी बाहेरून नळीने सोडते आणि सेन्सर थाळीच्या जवळपासही ठेवत नाही.

---

हॅचरीतला माणूस (नाशिक जिल्हा)

मी व्यावसायिक हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, काम करतो. तुमच्या पिल्लांच्या वर्णनावरूनच निदान बरेचसे होते. उशिरा निघालेली पिल्ले, पूर्ण वाढून आत मेलेली पिल्ले आणि न मिटलेली बेंबी, हे सगळे एकत्र दिसले की आमच्याकडे पहिला संशय सरासरी तापमान कमी राहिल्याचा असतो. तापमान सतत जास्त राहिले असते तर पिल्ले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच घाई करून, लहान आणि अशक्त निघाली असती. बेंबी त्यांचीही उघडी राहते, म्हणून एकट्या बेंबीवरून काही ठरवू नये; दिवस मोजावेत. अंडी ठेवण्यापूर्वी किती दिवस साठवली होती तेही पाहावे, कारण जुनी अंडी थोडी उशिरा फुटतात. परंतु तो उशीर दर दिवसाच्या साठवणीमागे तासाभराचा असतो, दोन-तीन दिवसांचा नव्हे.

दुसरे असे की, हवेचे तापमान आणि अंड्याचे तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गर्भाला जे लागते ते अंड्याचे तापमान. हवा मिनिटामिनिटाला वरखाली होते. पन्नास-पंचावन्न ग्रॅमचे अंडे, ज्यात तीन चतुर्थांश पाणी असते, ते इतक्या लवकर हलत नाही. म्हणून एक लुटुपुटीचे अंडे करावे. औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली ग्लिसरीनने किंवा पाण्याने काठोकाठ भरावी, बुचाला भोक पाडून त्यात दुसरा तपासलेला प्रोब (तारेच्या टोकाचा सेन्सर) बसवावा, भोक मेणाने बंद करावे आणि ही बाटली अंड्यांच्या रांगेतच ठेवावी. ती जे तापमान दाखवेल ते तुमच्या अंड्यांना मिळालेल्या सरासरी उबेच्या फार जवळचे असते.

आम्ही कवचाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतो, अंड्याच्या जाड भागावर, आणि ते ३७.८ ते ३८.१ च्या दरम्यान असावे असे पाहतो. घरी घ्यायचे असेल तर कानात घालून ताप बघायचा थर्मामीटर चालतो. कपाळावर रोखायची बंदूक वापरायची असेल तर ती वस्तूचे तापमान मोजण्याच्या मोडवर ठेवावी; अंगाच्या तापाच्या मोडवर ती स्वतःच हिशेब करून आकडा वाढवते.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक बदल होतो. सुरुवातीस अंडे हवेकडून ऊब घेते. दहा-बारा दिवसांनंतर गर्भ स्वतः उष्णता तयार करू लागतो आणि अखेरीस कवच हवेपेक्षा अंशभर गरम होऊ शकते. ३०-४० अंड्यांच्या हवा खेळत्या पेटीत याचा फार त्रास होत नाही, पण बाटली ३७.५ आणि शेजारचे खरे अंडे ३८.६ दाखवू लागले तर प्रोब बिघडला असे समजू नये. तशा वेळी लावलेले तापमान दोन-तीन दशांश खाली घ्यावे.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री थर्मासची परीक्षा घेतली. पाऱ्याचा थर्मामीटर १०० फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ दाखवत असताना मॉड्यूल ३८.३ दाखवत होते आणि शाळेचा काचेचा थर्मामीटर ३७.५. तिन्ही वेळा फरक साधारण तेवढाच आला. काळी डबी खऱ्या तापमानापेक्षा ०.९ ने कमी दाखवते.

काका, पी१ मध्ये २.० आहे. मी त्याला कधी हात लावला नव्हता. आणि आता त्या बाटलीविषयी वाचून वाटते की मॉड्यूलचा सेन्सरच बाटलीत बसवावा, म्हणजे आकडा नाचणार नाही. तसे करावे का?

---

तापमापक

नाही, तसे मुळीच करू नका. बाटलीतला सेन्सर हवा तापल्याची बातमी दहा-पंधरा मिनिटे उशिरा देतो. तेवढ्या वेळात बल्ब पेटीला भट्टी करून टाकेल, आणि मग बाटली गार होईपर्यंत तो लागणारही नाही. बल्ब चालवणारा सेन्सर उघड्या हवेत ठेवा, आणि तुम्ही डोळ्यांनी वाचायचा प्रोब बाटलीत ठेवा.

आणि शंका खरी ठरली. तापवण्याच्या पद्धतीत हे मॉड्यूल लावलेल्या आकड्याला बल्ब बंद करते, आणि तापमान पी१ इतके खाली उतरल्यावरच पुन्हा चालू करते. म्हणजे ३७.७ लावून तुम्ही त्याला प्रत्यक्षात ३५.७ ते ३७.७ यांमध्ये हिंडायची मोकळीक दिली होती. बल्बच्या उरलेल्या गरमीने वरच्या टोकाला थोडी भर पडते असे धरले, तरी मॉड्यूलच्या हिशेबाने सरासरी ३७ च्या पुढे जात नाही. त्यातून मॉड्यूल अर्धा अंश जास्त दाखवते, म्हणजे खरी सरासरी ३६.५ च्या आसपास; आणि ती झाकणाखालची! अंड्यांपाशी आणखी कमी. तुमच्या काचेच्या थर्मामीटरचे ३६ आणि काळ्या डबीचे ३५.४, दोन्ही आपापली चूक सुधारून घेतली तर ३६.३ वर येतात. ते दोघे बिचारे पहिल्यापासून खरे सांगत होते. आपण विश्वास ठेवला तो लाल दिव्यांच्या मोठ्या आकड्यांवर.

पी१ हे ०.३ करा. पी४ मध्ये उणे ०.५ भरा, म्हणजे मॉड्यूलचा आकडा पाऱ्याशी जुळेल. त्यानंतर लावायचे तापमान ३७.७ ठेवा, बाटलीत ३७.५ च्या जवळ स्थिरावते का ते पाहून दशांशाने वरखाली करा. पी१ याहून कमी केल्यास रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा मॉड्यूलवरचा स्विच, सतत टकटक करत राहतो. मिनिटाला एकदा असे धरले तरी एकवीस दिवसांत तो ३०,२४० वेळा चालू-बंद होतो, आणि कधीतरी त्याचे संपर्क चिकटून बल्ब चालूच राहतो. त्यासाठी ३९ अंशांना तोडणारा दुसरा साधा थर्मोस्टॅट बल्बच्या तारेत एकसर जोडावा. २३० व्होल्टची जोडणी जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, लाजू नका.

तुमच्या पेटीला ८० वॅट जास्त आहेत असेही मला वाटते. २५ वॅटचे दोन बल्ब लावले तर विझल्यानंतरची चढण कमी होईल, आणि एक बल्ब गेला तरी दुसरा थोडा वेळ पेटी धरून ठेवेल. एलईडीचे बल्ब मात्र यासाठी उपयोगाचे नाहीत, त्यांतून ऊब फारशी मिळत नाही.

---

वऱ्हाडी कोंबडीवाला (अमरावती)

एक आगाऊ सूचना. ही सर्व यंत्रणा फक्त तापवू शकते, गार करू शकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच दुपारी चाळिशी ओलांडते. बल्ब बंद, मॉड्यूल अचूक, आणि तरीही पेटीत ४०. त्या काळात पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवावी, नाहीतर एप्रिलनंतर खेप लावूच नये. मी लावत नाही.

---

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी कळवत आहे. सेन्सर अंड्यांच्या पातळीवर आणला, पुठ्ठ्याची आडोसा-भिंत केली, २५ वॅटचे बल्ब लावले. अंड्यांऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवून पेटी दोन दिवस चालवली. ग्लिसरीनची बाटली मध्यभागी ३७.५ दाखवत राहिली. रात्री दीड तास वीज गेली तेव्हाही ती ३५.९ पर्यंतच उतरली, कदाचित आतल्या पाण्याच्या बाटल्यांमुळे. पण तीच बाटली पंख्याच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेवली तर ३६.८ येते. २६ अंडी परवा संध्याकाळी ठेवली. ठेवल्यावर चार तास आकडा ३७ च्या खाली होता आणि मॉड्यूलचे बटण दाबायला हात वारंवार पुढे जात होता, पण दाबले नाही. पहाटे आपोआप जाग्यावर आला. त्या कोपऱ्याचे काय करावे?

---

खाडीकिनारी

बटण दाबले नाही हे फार चांगले केले. गार अंडी ऊब पिऊन घेतात तेवढा वेळ पेटी खालीच राहते. कोपऱ्यासाठी पंख्याचे तोंड अंड्यांकडे न ठेवता समोरच्या भिंतीकडे वळवून पाहावे. तरीही फरक राहिला तर अंडी फिरवताना रोज कोपऱ्यातली मध्ये आणि मधली कोपऱ्यात अशी जागा बदलावी. पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवले म्हणजे कोणते फिरले आणि कोणते राहिले ते कळते. बाटलीसुद्धा त्यांच्याबरोबर फिरवावी. अठराव्या दिवसापासून फिरवणे बंद. आणि त्या दिवशी थाळीत पाणी घालताना सेन्सरवर आधी कोरडा हात धरावा.